मैत्रिणीनं ‘तू सुखी आहेस का गं?’ विचारलं तर काय सांगायचं

सांगलीत कुणालाही ‘काय चाललंय?’ विचारा, उत्तर ठरलेलं असतं: ‘निवांत!’ हळदीचा दर पडलेला असो, घरात आजारपण असो की पोराची नोकरी गेलेली असो, निवांत. समोरच्यानं आणखी खोदलंच तर ‘चालतंय की’. रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या माणसाला तेवढं पुरतं. चारचौघांत दुःख उगाळायचं नाही ही आपली रीत आहे आणि ती वाईट नाही. पण शाळेपासूनची मैत्रीण आमराईत फेऱ्या मारता मारता मध्येच विचारते, ‘तू सुखी आहेस का गं?’ तिलाही ‘चालतंय की’ म्हटलं, की ती ‘बरं’ म्हणते आणि विषय भाजीच्या भावावर जातो. पुढच्या वेळी ती विचारत नाही.

असे प्रश्न हल्ली वाढलेत. दहावीच्या बॅचचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाले, वीस-पंचवीस वर्षांनी स्नेहमेळावे व्हायला लागले आणि प्रत्येक ग्रुपात ‘आजचा प्रश्न’ टाकणारी एखादी उत्साही मैत्रीण असतेच. आयुष्यात तुला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं? कशानं आनंद होतो? पुन्हा विशीत गेलीस तर काय बदलशील? शाळेतल्या स्लॅमबुकात ‘फेवरेट कलर’, ‘फेवरेट हिरो’ लिहून निभावलं होतं. आता उत्तर टाइप करून दोनदा पुसावं लागतं, आणि शेवटी हात जोडल्याची खूण टाकून सुटका करून घेतली जाते.

हे मार्गदर्शन त्या पुसलेल्या उत्तरांसाठी आहे. नोकरीची मुलाखत किंवा स्थळ बघायला आलेल्या मंडळींसमोरची उत्तरं यात धरलेली नाहीत. तिथे आपण निवडले जावेत म्हणून बोलत असतो, तो कारभार वेगळा.

एकच कसोटी

उत्तर असं द्यावं की मैत्रिणीला ते आपल्या वागण्याशी ताडून बघता येईल. माझी सगळी पद्धत एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे.

‘मला माणुसकी महत्त्वाची वाटते’ हे ताडता येत नाही, कारण याच्या उलट कुणी कधी म्हणतच नाही. याऐवजी कुणी म्हणालं, ‘२०१९ च्या पुरात जाऊबाईंचं अख्खं घर आमच्या दोन खोल्यांत राहिलं. मला ते जड गेलं, दोनदा आवाजही चढला. तरी पुन्हा पाणी आलं तर पहिला फोन त्यांनाच करीन.’ हे ताडता येतं. मैत्रिणीनं ते दिवस पाहिलेले असतात. तिच्यासमोर वाढवून सांगायची सोय नसते आणि फार विनय दाखवायचीही गरज पडत नाही.

उत्तर किती लांब असावं, हेही याच कसोटीवर ठरतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड आणि शेजारच्या देशांत स्लॅमबुकासारख्याच वह्या बऱ्याच घरांत असत. १८६५ मध्ये कार्ल मार्क्सच्या मुलींनी बापाला असेच प्रश्न घातले. त्याची बहुतेक उत्तरं एक-दोन शब्दांची आहेत: सुख म्हणजे झगडणं, दुःख म्हणजे शरण जाणं, माफ करण्यासारखा दोष भोळेपणा, सर्वांत तिटकारा लाचारीचा. आवडता रंग लाल, आणि आवडता पदार्थ मासे! एवढी तोकडी उत्तरं तिथे चालून गेली, कारण विचारणाऱ्या पोरी त्याच घरात राहत होत्या. ती ओढाताण आणि ते लिखाण त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आपणही हाच हिशेब ठेवावा. मैत्रिणीनं जे पाहिलंय तिथे एक शब्द पुरे. जे तिनं पाहिलेलं नाही, तिथे प्रसंग जोडावा.

विचारतंय कोण, ते आधी बघा

प्रश्न तोच असतो, पण विचारणारीला हवं असतं ते दर वेळी निराळं. कुणी गाडीत वेळ घालवायला विचारतं. कुणाला स्वतःचं सांगायचं असतं, म्हणून आधी तुमच्याकडे चेंडू टाकला जातो. ‘तुला परत नोकरी करावीशी वाटते का गं कधी?’ असं विचारणारीच्या पर्समध्ये बहुतेक वेळा भरलेला अर्ज असतो. आणि कुणाला खरोखर तुमची काळजी वाटत असते, कारण गेले काही महिने तुम्ही भिशीला आला नाहीत.

हे ओळखायचा सोपा उपाय आहे. दोन वाक्यांत खरं उत्तर द्यायचं आणि मग विचारायचं, ‘तुझ्या डोक्यात काय चाललंय?’ क्रम मात्र हाच ठेवा. उत्तर न देता उलट विचारलं तर टाळल्यासारखं दिसतं, आणि ते टाळणंच असतं.

आवडीनिवडी पटकन उरका

इथे खोल जायचं काही नाही. फक्त ‘मला काहीही चालेल’ हे वाक्य बंद करा. आपल्याकडे, विशेषतः बायकांना, हे वाक्य म्हणजे समंजसपणा वाटतो. प्रत्यक्षात आपण आपलं काम दुसऱ्यावर ढकलत असतो. स्नेहमेळावा हरिपूरला संगमावर घ्यायचा की हॉलमध्ये, यावर पंधरा जणी ‘काहीही चालेल’ म्हणतात. मग एकटी एक जण ठरवते, आणि नंतर पंधरा जणी पाठीमागे कुरकुरतात.

नुसतं नाव सांगण्यापेक्षा त्याला एक तपशील जोडावा. ‘आवडतं खाणं?’ ‘भडंग.’ हे सांगलीत कुणीही म्हणेल. ‘भडंग, पण घरची. लसूण सालासकट ठेचून तेलात चुरचुरीत झालेला, शेंगदाणे जरा जास्तच तांबूस, चिमूटभर पिठीसाखर, आणि कांदा-कोथिंबीर ताटलीत वाढल्यावर वरून, आधी कालवलेली नाही. चुरमुरे मऊ पडले की मी हात लावत नाही.’ हे उत्तर फक्त तुमचं आहे. शिवाय तुमच्याकडे येताना काय आणायचं, हेही मैत्रिणीला कळलं.

नावडही सांगा. पंधरा वर्षं मैत्रिणीच्या हातचा गुळचट शिरा ‘वा वा’ म्हणत खाणाऱ्या बायका मला माहीत आहेत. आता सांगायची सोय राहिलेली नाही.

मूल्यं: इथे बसून विचार करायला लागतो

‘तुझी मूल्यं कोणती?’ असं कुणी मैत्रीण विचारत नाही. ती विचारते, ‘तू कशासाठी भांडशील?’, ‘तुला माणसातलं काय खपत नाही?’, ‘पोरांनी तुझ्यातलं काय उचलावं?’ प्रश्न तोच, आणि उत्तर म्हणून पाठ्यपुस्तकातले शब्द लगेच तोंडाशी येतात: प्रामाणिकपणा, कष्ट, संस्कार. ते गिळा आणि आधी पुरावा शोधा.

पुरावा तीन ठिकाणी सापडतो. पहिलं ठिकाण फोनमधला पैशांचा इतिहास. मागच्या महिन्यात कुणाला किती पाठवले, ते अंगठ्यानं खाली सरकवत बघा. क्लासची फी, आईच्या गोळ्या, गणपती मंदिराबाहेरचे हार, भावाला ‘परत द्यायची घाई नको’ म्हणून दिलेले पैसे, तीन साड्या. यात लाजण्यासारखं काही नाही. आपण कशाला नाही म्हणू शकत नाही, ते इथे दिसतं. दुसरं ठिकाण रिकामी दुपार, म्हणजे घरात कुणी नाही आणि काही करायची सक्ती नाही अशी वेळ. तेव्हा हात आपोआप कशाकडे जातो? तिसरं ठिकाण घरातलं शेवटचं भांडण. वरवर ते भांडण ओल्या टॉवेलवरून झालेलं असतं. खाली काय होतं, ते शांत डोक्यानं आठवा. ‘मला गृहीत धरलं’ होतं, की ‘मला न सांगता ठरवलं’ होतं? पहिल्यात मानाचा प्रश्न आहे, दुसऱ्यात स्वातंत्र्याचा. बहुतेक माणसं वर्षानुवर्षं एकाच गोष्टीवरून भांडत असतात, टॉवेल तेवढे बदलतात.

पुढची पायरी क्रम लावायची. मिल्टन रोकीच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये मांडलेल्या चाचणीत अठरा-अठरा मूल्यांच्या दोन याद्या असत. एकेका मूल्याची चिकटपट्टी काढून पुन्हा दुसरीकडे लावता यायची, म्हणजे माणसाला खालीवर करत क्रम बदलता यायचा. ‘यातलं तुला काय महत्त्वाचं वाटतं?’ असं सुटं विचारलं तर सगळंच महत्त्वाचं ठरतं. क्रम लावायला बसलं की घाम फुटतो.

घरी हे आठ चिठ्ठ्यांवर होतं. पैशाची निश्चिंती, स्वातंत्र्य, घरातली शांतता, मान, खरेपणा, श्रद्धा, शिकत राहणं, माणसं जोडणं. शब्द तुमचे घ्या, हेच हवेत असं नाही. एकेक चिठ्ठी उचलून बाजूला ठेवायची. पहिल्या तीन सहज जातात. पाचवीला हात अडतो. शेवटच्या तीन उरल्या की थांबा, एकच उरवायचा अट्टहास नको. आणि कोणती चिठ्ठी उचलताना हात अडला ते लक्षात ठेवा. मैत्रिणीला सांगण्यासारखं त्यातच असतं.

आपल्याकडच्या घरांत सगळ्यात जास्त टक्कर ‘खरेपणा’ आणि ‘शांतता’ यांची होते. त्यासाठी मी स्थळाच्या चौकशीचा फोन ही परीक्षा लावते. तासगावहून नाहीतर विट्याहून फोन येतो: ‘वहिनी, तुमच्या शेजारचा मुलगा कसा आहे हो? आमच्या भाचीसाठी बघतोय.’ मुलगा पितो, हे तुम्हाला माहीत आहे. गॅलरीतून दिसतंच. दुसरीकडे मुलाची आई तुमच्या बाळंतपणात रात्र रात्र जागलेली आहे. तुम्ही काय सांगता? निम्म्याहून जास्त लोक सांगतात, ‘घराणं चांगलं आहे हो.’ ऐकणाराही मुरलेला असेल तर तेवढ्यात समजून जातो, की घराण्याचं सांगितलं, मुलाचं नाही सांगितलं. मग दोन्हीकडची अब्रू राहते. पण ऐकणारा मुरलेला नसेल, साधा बाप असेल, तर?

आता मैत्रिणीनं विचारलं, ‘खरं बोलणं तुला किती महत्त्वाचं वाटतं?’ तर उत्तर असं होईल: ‘महत्त्वाचं आहे, पण शेजारही आहे. न विचारलेलं मी आपणहून सांगायला जात नाही. दारूचं थेट विचारलं तर खोटं बोलणार नाही. आणि समोरचा माणूस साधा वाटला, तर न विचारताही सांगेन, मग शेजारचं दार बंद झालं तरी चालेल.’ हे उत्तर ऐकणारीला तुमची सीमा कळते. (माझं स्वतःचं मत विचाराल तर मुलीच्या बाजूनं फोन असेल तेव्हा सांगावंच. पण हे मत प्रत्येकीनं घ्यावं असं नाही. प्रत्येकीचा शेजार वेगळा.)

आणखी एक गोष्ट उत्तरात असायला हवी, ती म्हणजे किंमत. आज टेंभू म्हटलं की आपल्याला उपसा योजनेतून आटपाडी-कवठेमहांकाळकडे गेलेलं पाणी आठवतं. त्याच टेंभूत, कराड तालुक्यात, १८५६ मध्ये गोपाळ गणेश आगरकर जन्मले. एम.ए. करत असताना त्यांनी आईला पत्र लिहिलं. मुलाच्या मोठमोठ्या परीक्षा होताहेत, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल, असे मनोरथ करू नकोस. मी पोटापुरत्या पैशावर संतोष मानून बाकीचा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहे, असा त्याचा आशय. देशसेवा मोलाची, एवढंच त्यांनी लिहिलं असतं तर ते सुविचार म्हणून राहिलं असतं. या पत्रात किंमत किती आणि ती कुणाला मोजावी लागणार, हे आईलाच स्पष्ट सांगितलेलं आहे. आपली उत्तरं एवढी मोठी नसतील. ‘मला स्वातंत्र्य महत्त्वाचं वाटतं, म्हणून मी शिवणाचं दुकान स्वतःचं टाकलं, आणि त्यापायी सासूबाईंनी दोन वर्षं माझ्याशी धड बोलणं केलं नाही’ एवढं पुरे. किंमत सांगितली की मैत्रीण विश्वास ठेवते.

एक सावधगिरी. मूल्याचं उत्तर नकळत टोमणा होतं. विश्रामबागेत नुकताच बंगला बांधलेल्या मैत्रिणीच्या वास्तुशांतीत बसून ‘मला बाई साधेपणा आवडतो’ म्हणू नये. खरं असलं तरी त्या दिवशी म्हणू नये.

सुखाचा प्रश्न

हा सगळ्यात अवघड, म्हणून समर्थांचा श्लोक नाहीतर तुकोबांचा अभंग म्हणून लोक मोकळे होतात. श्लोक खरा आहे, पण मैत्रिणीनं तुमचं विचारलं होतं.

पहिली गोष्ट, उत्तर लगेच देऊ नका. त्याला कारण आहे. १९८८ मध्ये स्ट्राक, मार्टिन आणि श्वार्त्स या संशोधकांनी विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले: आयुष्यात एकूण किती सुखी आहात, आणि महिन्याभरात जोडीदाराबरोबर किती वेळा बाहेर गेलात. सुखाचा प्रश्न आधी आला तेव्हा दोन्ही उत्तरांचा एकमेकांशी जवळजवळ संबंध नव्हता. बाहेर जाण्याचा प्रश्न आधी आला, की तीच दोन उत्तरं घट्ट जुळली. पुढच्या प्रयोगांत परिणाम दर वेळी इतका ठळक दिसला नाही, पण रोजचा अनुभवही हेच सांगतो. नुकतंच पोरांच्या मार्कांवर बोलणं झालेलं असेल आणि कुणी ‘सुखी आहेस का?’ म्हणालं, तर तुम्ही पोरांच्या मार्कांचंच उत्तर देणार. म्हणून आधीचा विषय कोणता होता ते आठवा, तो बाजूला ठेवा, एक फेरी पूर्ण होऊ द्या. ‘थांब, सांगते’ म्हणायला काही लागत नाही.

दुसरी गोष्ट, प्रश्नाचे दोन तुकडे करा. कालचा दिवस कसा गेला, हा एक. एकूण आयुष्याकडे बघून काय वाटतं, हा दुसरा. डॅनियल काह्नेमन आणि अँगस डीटन या संशोधकांनी २०१० मध्ये या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या, आणि उत्पन्नाशी दोन्हींचा संबंध सारखा नव्हता. त्यातल्या पैशाच्या भागावर पुढे वाद झाले, पण तुकडे करणं मात्र फार उपयोगी आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं करणारी माझी एक मैत्रीण आहे. तिला ‘सुखी आहेस का?’ विचारलं तर ती गप्प होते, कारण हो म्हणणं खोटं वाटतं आणि नाही म्हणणं कृतघ्नपणाचं. तिला तुकडे करून विचारलं तेव्हा म्हणाली, ‘दिवस वाईट जातो गं. चादरी, औषधं, रात्री दोनला हाक. पण ते मला “पोरी” म्हणतात. माझ्या बापानं कधी म्हटलं नाही. एकूण बघितलं तर मला इथंच असायचंय.’ दोन्ही खरं. एका शब्दात ते बसलंच नसतं.

तिसरी गोष्ट आकड्यांची. हल्ली ‘दहापैकी किती?’ असं विचारायची पद्धत आहे. तसाच एक जुना प्रश्न म्हणजे हॅडली कँट्रिल या संशोधकाची १९६५ च्या सुमाराची शिडी: शून्य ते दहा पायऱ्या, वरची पायरी म्हणजे तुम्हाला शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य. देशोदेशींच्या सुखाचे क्रमांक लावणारा जागतिक आनंद अहवाल याच प्रश्नावर चालतो. मैत्रीण असं विचारते तेव्हा नुसता ‘सात’ सांगून भागत नाही. पावसाळ्यात आपण कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी विचारतो तेव्हा काय करतो? चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे सांगलीत पोराटोरांना पाठ आहे. तरी ‘अडतीस’ ऐकून कुणी फोन ठेवत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो: ‘चढतंय का उतरतंय? कोयनेतनं किती सोडलंय?’ अडतीस आणि चढतंय म्हणजे सामान वरच्या मजल्यावर. अडतीस आणि उतार लागलाय म्हणजे चहा टाका. सुखाचा आकडाही तसाच सांगावा. ‘पाच आहे, पण मागच्या दिवाळीला तीन होता’ आणि ‘पाच आहे, गेल्या वर्षी आठ होता’ यांतल्या दुसऱ्या उत्तरावर मैत्रीण गाडी काढून घरी येते, निदान यायला हवी. आणि वरून काय सोडलंय तेही सांगता आलं तर उत्तम: ‘मुलगी जूनमध्ये पुण्याला जाणार, त्याचं आत्तापासून पोटात येतंय.’

आनंदाचे क्षण विचारले तर ठेवणीतले काढू नका. लग्न, मुलाचा जन्म, घराची वास्तुशांत ही उत्तरं सगळ्यांचीच आहेत. मागच्या आठवड्यातलं काहीतरी सांगा. गणेशोत्सवात पंगत उठल्यावर मोठ्या पातेल्यातला उरलेला मसालेभात जावा-जावांनी उभ्यानंच खाल्ला, असलं काही.

नको असलेला प्रश्न

सगळ्याच प्रश्नांना उत्तर द्यावं असा नियम नाही. मार्सेल प्रुस्त या फ्रेंच लेखकानं अशा प्रश्नांच्या याद्या दोनदा भरल्या, एकदा पोरवयात आणि एकदा विशीच्या आसपास. पोरवयात सुखाच्या प्रश्नाला त्यानं भरभरून लिहिलं: जिवलग माणसं, निसर्ग, पुस्तकं, संगीत, आणि जवळच नाटकगृह. विशीत त्याच प्रश्नाला तो म्हणतो, की माझं स्वप्न पुरेसं उदात्त नसेल अशी भीती वाटते, ते सांगायचं धाडस होत नाही आणि सांगितलं तर मोडेल असंही वाटतं. नकार दिला, पण दार आपटलं नाही.

आपल्या बोलीत नकार असा देता येतो: ‘याचं उत्तर आहे गं, पण आज नको.’ किंवा, ‘हे मला अजून माझंच कळलेलं नाही.’ किंवा थेट, ‘हा विषय सोडून काहीही विचार.’ यातलं एक वाक्य निवडून ठेवा. हसून उडवणं टाळा. मूल का झालं नाही, लग्न का मोडलं, या प्रश्नांना हसून उत्तर दिलं की समोरची समजते, हिला याचं काही वाटत नाही, आणि पुढच्या स्नेहमेळाव्यात सगळ्यांसमोर विचारते.

पगार, कर्ज, जमिनीची वाटणी यांच्याबद्दल बोलताना एक पथ्य पाळा. तुमच्या उत्तरात दुसऱ्याचं गुपित किती आहे ते बघा. ‘मी दुःखी आहे, कारण ह्यांच्यावर कर्ज झालंय’ यातला पहिला अर्धा भाग तुमचा आहे, दुसरा ह्यांचा. ह्यांना विचारल्याशिवाय तो सांगू नये. ‘घरात पैशाची ओढ आहे, झोप लागत नाही’ एवढं सांगितलं तरी मैत्रिणीला मदत करता येते. फक्त घरात मारहाण, छळ असलं काही असेल तर हे पथ्य गुंडाळून ठेवायचं. तिथे गुपित सांभाळायची जबाबदारी तुमची नाही. विश्वासाच्या एका माणसाला सगळं सांगायचं.

ग्रुपवर आणि समोरासमोर

ग्रुपवर लिहिताना धरून चालायचं की याचा स्क्रीनशॉट निघणार. खोल उत्तर तिथे लिहू नये. एक खरा तपशील टाकावा आणि ‘बाकी भेटल्यावर’ म्हणावं. आवाजी संदेश तर नकोच. तो स्वयंपाकघरात मोठ्यानं लागतो आणि तिची सासू ऐकते.

चार-पाच जणी समोर बसल्या असतील तर पहिलं उत्तर देणारी सूर ठरवते. ती ‘देवाच्या दयेनं सगळं छान’ म्हणाली की पुढच्या सगळ्या छानच असतात. तुमच्यात हिंमत असेल तर पहिला नंबर लावा आणि थोडंसंच खरं सांगा, सगळं नको. आर्थर एरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अनोळखी माणसांच्या जोड्या बसवून पाऊण तासात छत्तीस प्रश्न विचारायला लावले होते. प्रश्न तीन टप्प्यांत होते आणि प्रत्येक टप्पा आधीपेक्षा जास्त खासगी. दोघांनीही आळीपाळीनं उत्तर द्यायचं. नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांविषयी जास्त जवळीक वाटली. यातल्या दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत: हळूहळू वाढवत नेणं आणि पाळीपाळीनं बोलणं. एकीनं तासभर रडायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, तर ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांना अवघड होतं.

मैत्रीण उत्तर देत असताना ‘माझं पण अगदी तसंच!’ म्हणून मध्ये घुसू नका. तिच्या उत्तरातला एक तपशील धरून पुढचं विचारा. ‘दोन वर्षं सासूबाई बोलल्या नाहीत, मग पहिल्यांदा काय बोलल्या?’ असा प्रश्न विचारला की ती आणखी दहा मिनिटं बोलते. सल्ला तिनं मागितला तरच द्यावा.

उत्तर बदललं तर

दोन वर्षांपूर्वी ‘मला करिअर महत्त्वाचं’ म्हणालेली बाई आज नोकरी सोडून शेताकडे वळली, तर मैत्रिणी जुनं वाक्य काढून दाखवतात. दाखवू द्या. ‘तेव्हा तसंच होतं, आता असं आहे, मधे बाबा गेले’ एवढं सांगावं. जुनं उत्तर खोटं होतं असं म्हणायची गरज नाही, आणि त्याला धरून राहायचीही नाही. वर्षातून एकदा त्या आठ चिठ्ठ्या पुन्हा मांडल्या तर बरं. संक्रांतीला हळदी-कुंकवाच्या निमित्तानं मैत्रिणी जमतातच, पाहुण्या गेल्यावर उरलेल्या तिघी-चौघींनी मांडाव्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी

खरं बोलून घरी आलं की रात्री हमखास वाटतं, आपण जरा जास्तच बोललो. बहुतेक वेळा तसं झालेलं नसतं, तिलाही तिकडे तेच वाटत असतं. लांबलचक खुलासे पाठवू नका, आणि ‘कालचं विसर’ असं तर अजिबात नको, कारण त्यानं ती गोष्ट नको तेवढी मोठी होते. जास्तीचं काही गेलंच असेल, समजा ह्यांच्या कर्जाचा आकडा तोंडातून निघाला, तर साधा संदेश टाका: ‘काल बोलून बरं वाटलं. तो पैशाचा भाग तुझ्यापाशीच ठेव, ह्यांना माहीत नाही मी बोलले ते. गुरुवारी सहाला आमराईत येतेस का?’